पूजा झालेली मशीन

"मशीनला शिवू नकोस. पूजा झालीय."

हे मला लातूरच्या एका नव्या हॉटेलात, भर दुपारी, दहा-बारा माणसांसमोर सांगितलं गेलं. सांगणारी बाई मालकाची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणत. तिच्या हातात ताट, ताटात हळद, कुंकू, अक्षता. माझे हात गाण्यांच्या मिक्सरपासून वीतभर लांब होते. ते तसेच हवेत राहिले. पुढं न्यावेत की मागं घ्यावेत, कळेना.

त्या मिक्सरवर वाजवायलाच मला नांदेडहून बोलावलं होतं. दारावरच्या फ्लेक्सवर माझा फोटो होता, खाली मोठ्या अक्षरांत 'लेडी डीजे'. फोटो त्यांना चालत होता.

सुरुवातीपासून सांगते.

आमचं घर नांदेडला. माझ्या वडलांचा, आबांचा, साउंडचा धंदा. धंदा म्हणजे काय, तर चार बॉक्स, दोन अॅम्प्लिफायर, एक खटारा टेम्पो आणि आबांची दुरुस्तीची पिशवी. लग्नं, बारशी आणि एप्रिलमधली जयंतीची मिरवणूक. मी दहावीपासून लॅपटॉपवर गाणी लावायला लागले. पोरगी डीजे म्हणून लोक आधी फिदीफिदी हसले, मग पोरगी डीजे म्हणूनच बोलवायला लागले. आमच्याकडं डीजे म्हणजे भिंतीएवढे बॉक्स आणि छातीत धडधड. एक गाणं संपलं की दुसरं लावायचं. मिक्सरवरचा लाल दिवा कायम पेटलेला पाहिजे. तो विझला की गिऱ्हाईक ओरडतं, आवाजच न्हाई म्हणून.

पण मोबाईलवर मी दुसरंच काही बघत होते. मोठ्या शहरांतले क्लब, तिथले डीजे. समोर दोन प्लेअर, मधे मिक्सर. एक गाणं दुसऱ्यात असं मिसळायचं की नाचणाऱ्याला सांधा कळू नये. माझ्या लॅपटॉपवर ते होत होतं, पण अर्धंमुर्धं. खरी मशीन मी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती. नांदेडात ती कुणाकडं नव्हतीच.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात हा फोन आला. उदगीर जिल्हा होणार, साहेबलोकांची ये-जा वाढणार, या भरवशावर एका बड्या असामीनं उदगीर रस्त्यावर हॉटेल बांधलं होतं. जिल्हा अजून व्हायचाय. हॉटेल झालं. त्याच्या मॅनेजरनं मला नांदेडच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ऐकलं होतं. फोनवर म्हणाला, "मॅडम, क्लबमधली अस्सल मशीन मागवलीय. उद्घाटनाला तुम्हीच पाहिजे. जमंल ना?"

जमेल म्हणाले. फोन ठेवला आणि दिवस मोजले.

हातात तीन आठवडे. मशीन लातूरला, मी नांदेडला. सराव कशावर करू? शेवटी त्या मशीनचं माहितीपुस्तक नेटवरून उतरवलं, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. त्यात प्रत्येक बटणाचं माप होतं. शेजाऱ्यांनी नवा फ्रिज घेतला होता, त्याचा पुठ्ठा मागून आणला. पट्टी घेऊन दोन दिवस बसले. मिक्सर अगदी मापात आखला. दोन्ही बाजूंना दोन प्लेअर. फिरवायच्या बटणांच्या जागी पाण्याच्या बाटल्यांची झाकणं. झाकणांची त्या साली कमी नव्हती.

आबांनी बघितलं. "काय करायलीस हे? भातुकली?"

"मशीन हाय, आबा."

ते हसले. पण दोन दिवसांनी आपणहून समोर येऊन बसले. मी दोन मोबाईलवर दोन गाणी लावायची, एक एका कानात, एक दुसऱ्या कानात. पायानं ठोके मोजायचे. सोळा ठोके झाले की पुठ्ठ्यावरचं झाकण डावीकडं फिरवायचं, दुसरं उजवीकडं. आबा पुस्तक हातात धरून विचारायचे, "बेस काढला का आधी? काढ की. दोन बेस एकावर एक आले तर गोंधळ हुईल." त्यांना इंग्रजी येत नाही. चित्रांवरून सगळं समजून घेतलं होतं.

त्या पुस्तकानं मला एक गोष्ट शिकवली. लाल दिवा म्हणजे जोर नव्हे, चूक. आवाज फाटतो तेव्हा तो पेटतो. इतकी वर्षं आम्ही फाटलेला आवाज वाजवला, फाटलेलाच ऐकला आणि त्यावर खूश राहिलो. मला लाज वाटली. मग रागही आला, कारण चांगला आवाज कसा असतो हे आम्हाला कुणी कधी ऐकवलंच नव्हतं.

चाळीस गाणी निवडली. प्रत्येकाचे ठोके जुळवले, कुठून उचलायचं त्याच्या खुणा केल्या, सगळी एका पेनड्राइव्हवर चढवली. तो पेनड्राइव्ह घालायची छोटी पिशवी आईनं शिवून दिली. रात्री डोळे मिटले तरी बोटं गादीवर चालायची. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकी आशा मी कशाचीच केली नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी आणि आबा लातूरला पोहोचलो. शहरात चौकाचौकात घागरींच्या रांगा. हॉटेलच्या मागं पाण्याचे दोन टँकर उभे होते. मी विचारलं, हे कशाला? मॅनेजर म्हणाला, "संध्याकाळी रेन डान्स हाय ना." म्हणजे वरून पाणी उडवायचं आणि त्यात नाचायचं. इथं माझीही चूक लिहून ठेवते. घागरी मी पाहिल्या होत्या, टँकरही पाहिले होते. तरी तोंडातून शब्द काढला नाही. मला मशीन पाहिजे होती.

आणि ती होती. काळी, चकचकीत, टेबलावर मांडलेली. पुठ्ठ्यावर मी आखली होती तश्शीच. मला हसूच फुटलं. आबांनी मला कोपरानं ढोसलं, "बघ, माप बराबर हाय."

तेवढ्यात आक्का ताट घेऊन आल्या. नवी मशीन, म्हणून पूजा. आमच्या भागात ट्रॅक्टरची होते, पिठाच्या गिरणीची होते, तशी हिचीही. मिक्सरला हळद लावली, कुंकू लावलं, वरून चिमटी-चिमटीनं अक्षता टाकल्या. नारळ टेबलाच्या पायाशी फोडला, पण पाण्याचे शिंतोडे वरपर्यंत गेले. आवाज खालीवर करायच्या पट्ट्या जिथं सरकतात, त्या फटींत कुंकू पडताना मला दिसत होतं. मी म्हणणार होते, अहो, आत जातंय. म्हणाले नाही. पाहुणी होते ना.

मग आक्का म्हणाल्या, "ये गं पोरी. वाजवणारी तू. पाया पड मशीनच्या."

"आम्ही पाया नाही पडत, आक्का."

"का गं?"

"आम्ही बौद्ध हाव."

एवढंच. आवाज चढवला नाही, भाषण केलं नाही. विचारलं म्हणून सांगितलं. आक्कांचा चेहरा बदलला नाही. फक्त ताट त्यांनी जरा स्वतःकडं ओढून घेतलं. मालकानं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजर जमिनीकडं बघू लागला. मी म्हटलं, चला, आवाज तपासून घेऊ, आणि हात पुढं केला. तेव्हा ते वाक्य आलं.

"मशीनला शिवू नकोस. पूजा झालीय."

मालक घसा खाकरून म्हणाला, "तसं काही नाही. आम्ही काही मानत नाही. पण आज पहिला दिवस हाय, आक्काचं मन मोडायला नको. आज भैया वाजवंल. तू बाजूला उभी राहा, लोकांना हात बित कर. फोटो काढू." भैया म्हणजे त्याचा पुतण्या. कानावर हेडफोन चढवून तो केव्हाचा तयार होता.

बाजूला उभी राहा. हात कर.

सांगायला शरम वाटते, पण त्या क्षणी मनात आलं, पडले असते पाया तर काय बिघडलं असतं? कुणाला कळलं असतं? आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावानं त्यांचं काम बंद केलं होतं, तरी ते मागं फिरले नव्हते. आणि मी एका मिक्सरपायी हा विचार केला. तो विचार माझ्या डोक्यात आला होता, हे मी विसरत नाही.

भैयानं मशीन चालू केली. पट्टी वर सरकवली. करर्र, खर्र, आणि आवाज बंद. परत सरकवली. पट्टी मधेच अडकली. कुंकू आणि नारळाचं पाणी मिळून आत चिखल झाला असणार, मला कळत होतं. एका फटीतून तांदळाचा दाणा चक्क डोकावत होता.

आक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बघा. म्हणलं होतं ना. हात लागला."

मी हात लावलाच नव्हता. दहा-बारा माणसं तिथं उभी होती. सगळ्यांनी पाहिलं होतं. एकजण बोलला नाही.

मॅनेजर धावत आबांकडं आला. "काका, तुमाला रिपेरी येती ना? बघा की जरा. पाव्हणे यायलेत."

मी म्हटलं, "आता चालतंय का शिवलेलं?"

मालक वैतागून म्हणाला, "अगं, रिपेरीचं वेगळं असतं. त्याला कोण नाही म्हणतंय?"

तोवर आबांनी पिशवी उघडली होती. स्क्रू ड्रायव्हर काढला, ब्रश काढला, कमरेत वाकले. "करतो मालक, धा मिनिटाचं काम हाय," म्हणाले. तोंडावर तेच हसू, जे मी लहानपणापासून बघत आलेय. गिऱ्हाईकासमोरचं हसू. मला ते नेहमी गोड वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ते हसू नव्हतंच.

मी त्यांचं मनगट धरलं.

"आबा, ठेवा ते."

"आगं, मशीनचा काय दोष त्याच्यात?"

"ठेवा म्हणते ना."

"लोकाच्या दारात तमाशा करू नको, पोरी."

"मी वाजवणार असंन तर मीच दुरुस्त करते, आत्ता, पाच मिनिटांत," मी मालकाकडं वळून म्हणाले. "वाजवू देणार नसाल तर आमचा हात लागणार न्हाई. वाजवायलाबी न्हाई, रिपेरीलाबी न्हाई."

"एवढा माज?" भैया म्हणाला.

"हाव," मी म्हटलं.

आबांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर मी काढून घेतला. पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला मारली आणि निघाले. आबा मागून आले, पण दारातून बाहेर पडताना त्यांनी वळून मालकाला हात जोडले. ते बघून मला जेवढं दुखलं, तेवढं आक्काच्या बोलण्यानंही दुखलं नव्हतं.

पुढं काय झालं ते मॅनेजरनं नंतर फोनवर सांगितलं. भैयानं मोबाईल जोडून गाणी लावली. टँकरचं पाणी उडालं. लोक नाचले. कुणाचं काही अडलं नाही. माझा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत तसाच होता म्हणे.

एसटीत आबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मुखेडकडच्या आपल्या गावात देवळाचा भोंगा बिघडला की मलाच बोलावतेत. तीस वर्षं झाली."

"मग?"

"मशीन भायेर आणून देतेत. लिंबाखाली बसून करतो. मग फडक्यानं पुसून आत नेतेत."

"कधी बोलला नाहीत, आबा."

"काय बोलायचं त्याच्यात. भोंगा तर वाजतोय ना."

मी रडले. बाईमाणूस एसटीत रडतंय म्हणून लोक बघत होते. बघू दे म्हटलं. मला लातूरचं दुःख नव्हतं. तीस वर्षं माझा बाप लिंबाखाली बसला, आणि त्या देवळाच्या भोंग्यातला आवाज ऐकून मी लहानपणी गावभर सांगत फिरायचे की हे माझ्या आबांनी नीट केलंय.

दीड महिन्यानं गावातून फोन आला. सप्ताह बसणार होता आणि अॅम्प्लिफायर बंद पडला होता. आबा पिशवी शोधायला लागले. फोन मी घेतला.

"आबा येतील," मी म्हटलं. "मशीन जिथं हाय तिथंच, आत बसून करतील. चालत असंल तर सांगा."

पलीकडचा माणूस म्हणाला, "पोरी, फोन आबाला दे."

"चालतंय का, ते सांगा."

फोन कट झाला.

आबा माझ्यावर असे ओरडले, जसे कधीच ओरडले नव्हते. "गावात जायची वाट बंद केलीस माझी." आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं खरंच होतं. वाट बंद झाली. सप्ताहाला दुसरा माणूस मिळाला. त्यानंतर गावातून आबांना लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही.

क्लबच्या मशीनवरचा माझा पहिला कार्यक्रम आजतागायत झालेला नाही. दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा मी आधीच सांगितलं की मी बौद्ध आहे, पाया पडणार नाही, मशीन माझ्याच हातानं वाजेल. दोन्ही वेळा नंतर फोन लागला नाही. परत कुणी बोलावलं तर परत हेच सांगणार. आवाज खाली न करता सांगणार.

आबांना मी एकदाच सांगितलं, पुन्हा सांगणार नाही. ज्या घरात, ज्या देवळात, ज्या हॉटेलात आपला हात फक्त बिघाडापुरता चालतो, तिथली मशीन बंद पडली तर पडू दे. ती माझ्या हातानं पुन्हा सुरू होणार नाही.