विहारातली माझी बिनहाताची खुर्ची

आमच्या काळेवाडीच्या विहारात सगळे सतरंजीवर बसतात. मागे भिंतीला लागून चार-पाच प्लास्टिकच्या खुर्च्या असतात, त्या सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांसाठी. त्या रांगेत चाळिशीतली एक बाई कित्येक वर्षं बसत होती, ती मी. माझी खुर्ची मात्र वेगळी, बिनहाताची. हातांच्या खुर्चीत मी बसायचे नीट, पण उठताना खुर्चीही माझ्याबरोबर उठायची. एकदा तर मी तिला घेऊन दोन पावलं चाललेही होते. त्यानंतर कमिटीतल्या एका काकांनी माझ्यासाठी कुठून तरी बिनहाताची लाल खुर्ची पैदा केली. मी दारात दिसले की ते माइकवरून सांगायचे, ताईंची खुर्ची आणा. त्यांच्या मनात प्रेमच होतं. पण असलं प्रेम माइकवरून करू नये, असं माझं आजही मत आहे.

आई माझ्या खुर्चीच्या पायाशी सतरंजीवर बसायची. वडील गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. लग्न करून ती लातूरकडून पिंपरीला आली, वडिलांची कंपनीतली सगळी नोकरी तिने इथेच पाहिली, पण बोली अजून तिकडचीच आहे. वंदना संपली की ती माझा गुडघा धरून उठायची आणि उठताना काही तरी पुटपुटायची. मी म्हणायचे, तूही खुर्ची घे की. ती म्हणायची, मला काय झालंय? त्यातल्या ‘मला’वर ती जरा जास्तच जोर देते, असं मला वाटायचं. मला राग लवकर येतो. मग घर येईपर्यंत मी तिच्याशी बोलायचे नाही. तिला ते कळायचंही नाही, कारण तेवढा वेळ तीच बोलत असायची.

मग एका वर्षावासात ती खुर्ची मोडली. वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. वाचन रंगात आलेलं असताना खुर्चीचा मागचा पाय वाकायला लागला. एकदम नाही, सावकाश. लिफ्ट खाली जावी तशी मी हळूहळू खाली गेले आणि सतरंजीवर टेकले. वाचणाऱ्या ताईंनी एक शब्द चुकवला नाही. कोणी हसलं नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही. एवढा सभ्यपणा आमच्या विहारात मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि तोच मला फार लागला. फक्त आई माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "आलीस का खाली?"

वाचन संपल्यावर मला उठवायला तीन माणसं लागली. घरी येताना मी नवऱ्याला सांगितलं, पुढच्या वर्षावासाला मी सतरंजीवर बसणार, मांडी घालून, आणि कोणाचा हात न धरता उठणार. तो बरं म्हणाला. तो सगळ्यालाच बरं म्हणतो.

वजनाच्या ऑपरेशनचं डॉक्टर आधीपासून सुचवत होते. साखर वाढली होती, गुडघे बोलायला लागले होते आणि डाएट म्हणाल तर मी जितक्या वेळा सुरू केलं तितक्या वेळा दोन किलो वाढून बाहेर पडले होते. मी भीतीने टाळत होते. आता खुर्चीची लाज भीतीपेक्षा मोठी झाली. डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून किती भाग काढणार, किती ठेवणार ते समजावलं. माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये ड्रॉइंगवरून साचे बनवतो. त्याने तो कागद आपल्याकडे वळवून घेतला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात मापं टाकलेली नाहीत?" डॉक्टर हसले. तो हसला नाही, कारण त्याने गंमत केली नव्हती.

ऑपरेशन थंडीत झालं. मी फार घाबरले होते, आणि झाल्यावर कळलं की घाबरायचं सगळं काम मी आधीच उरकून ठेवलं होतं. दुखलं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉरिडॉरमध्ये चालत होते आणि नवरा सलाइनचा स्टँड ढकलत माझ्यामागून येत होता, वरातीत बत्ती धरणाऱ्यासारखा. खायला-प्यायला म्हणजे औषधाच्या टोपणातून घोट घोट पाणी. मग वरणाचं पाणी, मग ताक, मग गाळलेलं सूप. आईने पहिल्यांदा वरणाचं पाणी आणलं ते सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढ्या डब्यातून. मी त्यातले चार चमचे प्यायले आणि पोट गच्च भरलं. आई डब्याकडे बघते, माझ्याकडे बघते. शेवटी म्हणाली, "चिमणी बरी तुझ्यापरीस. ती आणखी दाणे तरी मागायली असती."

घरी आल्यावर नातेवाईक भेटायला येऊ लागले. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला जाताना काय न्यावं? आमच्याकडे धपाटे, शेंगदाण्याचे लाडू आणि डबाभर तिखट मटण आलं. एक मावशी म्हणाली, आता पोट लहान झालंय, म्हणजे जे जाईल ते जरा दमदार जाऊ दे. मी वाटीभर मऊ डाळ चमच्याने खात बसायचे आणि समोर नवरा लाडू संपवायचा, अन्न वाया जाऊ नये म्हणून. वसंत येईपर्यंत त्याची पॅण्ट घट्ट झाली. घराचं एकूण वजन कायम राहिलं, फक्त माणूस बदललं.

मध्यंतरी केस गळायला लागले तेव्हा मात्र मी रडले. डॉक्टर म्हणाले, होतं असं काही महिने, प्रोटीन नीट घ्या, परत येतील. आई रोज तेल लावायची आणि फणीत आलेले केस मला दिसू नयेत म्हणून मुठीत लपवायची. ते परत आले. मीही चाकणलाच नोकरीला जाते; आमच्या कंपनीच्या बसची पहिली पायरी फार उंच, तिच्याशी माझं जुनं वैर होतं. मी चढेपर्यंत ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून आकाशाकडे बघत बसायचा. एक दिवस मी चढून जागेवर बसले तरी तो आकाशाकडेच बघत होता. मी म्हटलं, भाऊ, चला. त्याने वळून मला पाहिलं आणि नुसती मान हलवली. चाकण येईपर्यंत मी खिडकीतून बघत हसत होते. साखरेच्या गोळ्याही कमी झाल्या. हे सगळं मला फार आवडलं, पण मला हवी होती ती सतरंजी.

त्याचा सराव घरी सुरू झाला. आधी स्टुलावर, मग पाटावर, मग दोन उशा, मग एक उशी, मग फरशी. नवरा बाजूला हात पसरून उभा राहायचा, कंपनीत क्रेनवरून जड जॉब उतरवताना उभे राहतात तसा, आणि सावकाश, सावकाश म्हणायचा. बसणं जमलं. उठणं जमेना. मी गुडघ्यावर यायचे आणि तिथेच अडकायचे. मग स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरायची. आई शेजारी मेथी निवडत बसलेली असायची आणि तिची कॉमेंट्री चालू असायची. म्हणायची, विहारात दार नाही माय सतरंजीवर. मी चिडायचे आणि चिडून पुन्हा बसायचे. मेथी संपली की आई स्वतः उठायची, भिंतीला एक हात, ओट्याला एक हात, आणि मध्ये थोडी थांबायची. ती थांबायची हे मी पाहत होते. पण मी तेव्हा माझ्याच गुडघ्यांच्या विचारात होते.

जूनच्या शेवटी एकदा मी एक हात फरशीवर टेकला, एक पाय पुढे घेतला आणि उभी राहिले. कशालाही न धरता. नवऱ्याचे हात तसेच पसरलेले. त्याला ते खाली घ्यायचं सुचेना.

आषाढ पौर्णिमेला आम्ही तिघं पांढऱ्या कपड्यांत विहारात गेलो. काकांना सवयच होती, त्यांनी माइकवरून माझी खुर्ची मागवली आणि नवी कोरी, बिनहाताची खुर्ची भिंतीशी येऊन उभी राहिली. मी जाऊन काकांना सांगितलं, आज नको. त्यांना आनंद झाला, आणि तोही त्यांनी माइकवरूनच सांगितला. सगळा विहार वळून बघत असताना मी खुर्चीसमोर सतरंजीवर मांडी घातली. खाली बसल्यावर सगळं वेगळं दिसतं. बुद्धमूर्ती वर दिसते, पुढच्यांच्या पाठी जवळ येतात, शेजारच्या बाईच्या साडीला लावलेल्या अत्तराचा वास येतो. मी शेजारी आईसाठी जागा केली.

आई बसली नाही. ती माझ्यामागे गेली, माझ्या त्या खुर्चीत बसली आणि दोन्ही पाय समोर लांब सोडून तिने मोठा श्वास सोडला. मी मागे वळले. हळू आवाजात विचारलं, तू खुर्चीत कशी?

"गुडघे दुखतेत माझे," ती म्हणाली. "लई वर्षं झाली. पण घरातली एक तरी बाई खाली बसाया पायजे का नाही? आता तू बसायलीस."

मग वंदना सुरू झाली. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. एवढी वर्षं ती माझ्या पायाशी दुखरे गुडघे मुडपून बसत होती आणि मी तिच्यावर रुसत होते. त्रिसरण म्हणताना माझा आवाज फाटला. शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून पदर पुढे केला, मी नको म्हटलं.

वाचन चांगलं तासभर चाललं. माझ्या पायांना मुंग्या आल्या, मग मुंग्या गेल्या आणि पायच आहेत की नाहीत कळेना. शेवटची गाथा सगळे उभं राहून म्हणतात. आजूबाजूचे उठू लागले. नवरा पुरुषांच्या बाजूने माझ्याकडे टक लावून बघत होता, हात अर्धवट पसरलेले. मी पाय मोकळे केले, एक हात सतरंजीवर टेकला, एक पाय पुढे घेतला.

मागून आईने तिचा गुडघा माझ्या खांद्याला लावला. "धर," ती म्हणाली. "जोर नको दिऊस पण."

मला गरज नव्हती. मी तिचा गुडघा धरून उठले.