तिच्या वितीचं चिलखत

माझ्या मुलीचं पहिलं चिलखत मी केलं तेव्हा ती दुसरीत होती आणि तिची आई जिवंत होती. शाळेच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत बाईंनी हिला सरदार केलं होतं. बाकीच्या पोरांना त्यांच्या आयांनी कमरेला उपरणं बांधून मावळे करून टाकलं, पण आमची बया हटून बसली. सरदाराला चिलखत पायजे म्हणजे पायजे! म्हटलं, आता किन्हवलीच्या बाजारात चिलखत कुठल्या दुकानात मिळतं, ते तूच सांग गो बाय.

मी हायवेला एका गोदामात मालाची चढउतार करतो. तिथं फाटक्या खोक्यांचा ढीग कायम पडलेला असतो. जाड, पाच पदरी पुठ्ठा. साहेबाला विचारून दोन खोके घरी आणले. पुठ्ठ्याचे बोटभर तुकडे कापले, तांदळाच्या पिठाची खळ शिजवून त्यांच्यावर वर्तमानपत्राचे थर चढवले, उन्हात वाळवले आणि माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक सुतळीनं ओवले. वरून चंदेरी रंग. डोक्यावरच्या टोपासाठी परड्यातला तिच्या डोक्याएवढा भोपळा तोडला, अर्ध्या भोपळ्यावर कागद चिकटवले, टोप वाळला तसा अलगद काढून घेतला आणि भोपळ्याची भाजी केली.

बायको म्हणाली होती, "एवढं करताय तर वाढत्या अंगाचं करा. दोन वर्षं तरी जाईल." आमच्याकडे पोरांचं सगळं वाढत्या अंगाचंच शिवतात. फ्रॉक घोट्यापर्यंत, बाह्या बोटांपर्यंत, आणि कपडा अंगाला बसायला लागतो तोवर विटून जातो. पण चिलखत म्हणजे काय फ्रॉक आहे? मिरवणुकीत ते घसरत घसरत मांड्यांवर आलं आणि आमचा सरदार दोन्ही हातांनी चिलखत धरून चालला. लोक हसले. पोरगी घरी येऊन रडली. तेव्हाच ठरवलं, दरवर्षी नवं करायचं आणि अंगाबरोबर करायचं.

पुढं बायकोला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग शहापूर झालं, मग ठाणं झालं. आणि गेली.

मी पहाटे अंधारात गोदामाला जायचो आणि अंधार पडल्यावर परत यायचो. पोरगी दिवसभर एकटी. नातेवाइकांनी बसून ठरवलं, पोरीच्या जातीला असं ठेवता येणार नाही, तिला मुरबाडला मामाकडं शिकू दे. मी काय बोलणार? बोललो तरी कोण ऐकणार? मी एवढंच म्हणालो, "ठीक आहे. पण तिथं पोरीची आबाळ झाली, खाण्यापिण्यात कमी पडलं, तर त्या दिवशी मी तिला परत घेऊन येईन. मग मला कुणी अडवायचं नाय." सगळे हो म्हणाले. हे वाक्य मी देवघरात दिवा ठेवावा तसं मनात ठेवून दिलं होतं. मला ती परत हवी होती. आजारी बाईच्या घरात माणूस जितकं गप्प राहतो, तेवढं गप्प मी त्यानंतर माझ्या स्वतःच्या घरात राहिलो. ताट एक, पेला एक. भांडं पडलं तरी मीच दचकायचो.

चिलखत मात्र सुटलं नाही. मागच्याच्या मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा तिनंच युक्ती काढली. आमच्याकडे कणगी असो की खाट, माप विती-हातानंच घेतात. तिनं पंजा पसरून जमिनीवर टेकवला, मी तेवढ्या लांबीची बांबूची कामटी कापून घेतली. म्हणजे तिनं मुरबाडला छातीला दोरी गुंडाळायची, ती जमिनीवर पसरून आपल्या विती मोजायच्या आणि फोनवर सांगायच्या. मी इकडं कामटी तेवढ्या वेळा ठेवायची. छाती चार वीत दोन बोटं, खांद्यापासून कमर अडीच वीत. चिलखत असं बसलं की मुरबाडचा शिंपीही चाट पडला असता!

त्यानंतर मे महिन्यात माझं आणि मेव्हण्याचं वाजलं. मी तिला सुट्टीवर आणायला गेलो होतो. तो म्हणाला, "भावोजी, आता दहावीपर्यंत तिला इथंच निवांत राहू द्या. सारखं न्यायचं-आणायचं, पोरीचं मन थाऱ्यावर राहत नाय." चांगल्या शब्दांत बोलला होता. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी पोर, आणि हा मला सांगणार? तुझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाय, असं ओरडून मी निघालो. पोरीला न घेताच. उचलली जीभ लावली टाळ्याला. गणपतीत ती तापानं आजारी होती, दिवाळीत शाळेची सहल होती, आणि मी काही तिकडं गेलो नाही. फोनवर बोलायचो. व्हिडिओ लावला तर कपाळ आणि एक डोळा दिसायचा.

माघात तिला फोन करून सांगितलं, "माप दे गो. आणि मामीकडं टेप मागायची नाय. आपली वीत आहे, तीच बरी." ती जरा थांबली. मग म्हणाली, "बरं." थोड्या वेळानं तिचाच फोन आला. छाती चार वीत दोन बोटं. खांद्यापासून कमर अडीच वीत.

आकडे मला पाठ होते. मी पुन्हा विचारलं. तेच. मागच्या वर्षीचं जसंच्या तसं.

फोन ठेवला आणि मी ओटीवर बसून राहिलो. वर्षभरात पोरगी बोटभरसुद्धा वाढली नाही? शेजारच्या काकू वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे, या वयात पोरी वेलासारख्या वाढतात. खायला घालतात का हवा?" झालं! माझ्या मनात होतं तेच त्यांच्या तोंडून आलं. खोटं कशाला बोलू, मला राग आला तसा आनंदही झाला. पोर उपाशी असेल या विचारानं बापाला आनंद व्हावा, म्हणजे माणूस किती एकटा पडला असेल बघा. आता तिला आणायला मला कारण मिळालं होतं. मुरबाडला जायचं, मेव्हण्याला अंगणात उभं करून विचारायचं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, आणि पोरीला घेऊन यायचं.

रोज संध्याकाळी गोदामातून आलो की मी खवले ओवायला बसायचो. इतकं सुबक चिलखत मी आजवर केलं नव्हतं. थंड्याच्या बाटल्यांची झाकणं ठोकून सपाट केली आणि छातीवर टिकल्यांसारखी लावली. आतून जुन्या चादरीचं अस्तर दिलं, सुतळी काचू नये म्हणून. ओवता ओवता मेव्हण्याला काय काय सुनवायचं, ते मोठ्यानं बोलून बघायचो. घरात दुसरं होतं कोण ऐकायला? तिची गोधडीही उन्हात घालून ठेवली.

शिवजयंतीला पहाटेची एसटी धरली. चिलखत गोणत्यात मावेना, म्हणून शेजारच्या सीटवर उभं करून ठेवलं आणि वर टोप ठेवला. कंडक्टर म्हणाला, "यांचं फुल फाडू का हाफ?" मी म्हटलं, "लेडीज आहे, हाफच लागतं." तो हसला. मी हसलो नाही, मला भांडायला जायचं होतं. सरळगाव येईपर्यंत मी सगळं भाषण एकदा पुन्हा घोकलं.

मेव्हण्याच्या अंगणात पोचलो तेव्हा तो दात घासत होता. मी चिलखत खाली टेकवलं आणि सुरूच केलं. "माझी पोर वर्षभरात बोटभर वाढली नाय! काय घालता तिला? तुमच्या पोरीच्या ताटातलं उरलंसुरलं?" मामी दारात आली. तिची धाकटी पदरामागं लपली. मेव्हणा तोंडातला फेस थुंकून म्हणाला, "भावोजी, आधी पाणी तर घ्या."

"पाणी गेलं खड्ड्यात! आधी तिला बोलव."

"शाळेच्या मैदानात गेली आहे. येईलच."

तेवढ्यात फाटक वाजलं. पांढरा सदरा घातलेली, फेटा बांधलेली एक उंच पोरगी आत आली. मला वाटलं, शाळेच्या एखाद्या बाई आल्या. मी पदर लपेटावा तसा खांद्यावरचा टॉवेल नीट केला. ती म्हणाली, "बाबा! कधी आलात?"

ती माझ्या खांद्याला लागत होती. मे महिन्यात ती माझ्या छातीशी होती. गाल भरलेले, मनगटं भरलेली. चालणं सगळं तिच्या आईचं.

मी चिलखत उचलून तिच्यापुढं धरलं. मी म्हटलं, "चिलखत घालून बघ." तिनं फेटा काढून ठेवला आणि दोन्ही हात वर केले. ते तिच्या काखेपाशीच अडलं. बाजूच्या नाड्या ओढल्या तर मधे चांगली पंजाभर फट. टोप डोक्यावर वाटीसारखा बसला. मी चिडून म्हटलं, "माप तूच दिलंस ना? चार वीत दोन बोटं?"

"मोजलं होतं नीट," ती म्हणाली आणि दोरी घेऊन तिथंच मोजायला बसली. एक वीत, दोन, तीन, चार. आणि दोन बोटं. बरोबर!

मामी तोंडाला पदर लावून हसायला लागली. "अवं भावोजी, पोरगी वाढली तशी तिची वीत नाय का वाढणार? हात काय पेटीत ठेवला होता?"

मेव्हणा हसला. धाकटी हसली. पोरगी आपल्या पंजाकडं बघत राहिली आणि मग तीही हसली. माझी कामटी मात्र तिच्या जुन्या पंजाचीच होती. मलाही हसावं लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच. एवढं घोकलेलं भाषण, पण त्यातला एक शब्दसुद्धा आता वापरता येत नव्हता. तिची आबाळ झाली नव्हती. ती छान वाढत होती, आणि त्यात माझा काही हात नव्हता. मामीनं तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी समोर ठेवली. मी खाली मान घालून खाल्ली.

चिलखत मामीच्या धाकटीला अगदी बेतल्यासारखं बसलं. ती अंगणात गरगर फिरायला लागली. मी पोरीला म्हटलं, "आता तू काय घालशील? आणि हा फेटा कशाला?"

तिनं फाटकाला अडकवलेली लेझीम आणून दाखवली. "मी लेझमीत आहे, बाबा. पहिल्या रांगेत. दिवाळीपासून."

"मग चिलखताचं माप कशाला दिलंस?"

ती मामीकडं बघायला लागली. मामी भांडी घेऊन आत गेली. मग पोरगी हळूच म्हणाली, "तुमाला संध्याकाळचं काय तरी काम नको का? फोन केला की टीव्हीचा पण आवाज येत नाय तुमच्याकडं."

बारा-तेरा वर्षांची पोर. मी तिच्याकडं बघितलंच नाही. बघितलं असतं तर मेव्हण्यासमोर रडलो असतो.

मैदानावरून ढोलाचा आवाज यायला लागला होता. तिला जायचं होतं, पण ती हलेना. म्हणाली, "बाबा, तुमी भांडायला आलात ना? मला न्यायला?"

मी खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"तुमी म्हणत असाल तर येते मी. किन्हवलीला पण शाळा हाय. मला सैपाक येतो आता."

एवढं ऐकायलाच मी दोन वर्षं जगत होतो. नुसतं 'चल' म्हणायचं होतं. ती आलीही असती. लेझमीचा एक शब्द न काढता आली असती, पहाटे उठून माझा डबा केला असता आणि संध्याकाळी दारात बसून माझी वाट बघितली असती.

मी म्हटलं, "नको. दहावीपर्यंत इथंच राहा."

"बरं," ती म्हणाली. लगेच म्हणाली. माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. आणि उड्या मारतच फाटकातून बाहेर पडली.

मिरवणूक नाक्यावर आली तेव्हा मी एका पानाच्या टपरीपाशी उभा होतो. पुढं धाकटी, चिलखत चमकवत, मान ताठ. तिनं मला बघून हात केला. मागं लेझमीच्या रांगा. पहिल्या रांगेत माझी मुलगी. ढोलाच्या ठेक्यावर वाकत होती, उठत होती, घामानं चेहरा निथळत होता. मी टपरीपासून दोन पावलं पुढं आलो, तिला दिसेन असा. तिचं लक्ष ठेक्यावर होतं. माझ्यासमोरून ती तशीच पुढं गेली. खूप आनंदात होती.