धवलारणीने गाळलेली ओळ

भोजपुरी मला येत नाही. तरी भोजपुरीतली सात-आठ गाणी मला अथपासून इतिपर्यंत पाठ आहेत, कारण कामतघरला आमच्या घरामागे चाळीच्या खोल्या आहेत आणि त्यांत कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं भाड्याने राहतात. शिफ्ट सुटली की त्यांचे मोबाईल सुरू. मी कपडे वाळत घालत असते आणि माझे कान रिकामेच असतात. एकदा दोरीवर चादर टाकताना मी त्यातल्या एका गाण्याची दोन कडवी खड्या आवाजात म्हटली, तर समोरच्या खोलीतल्या बाईने पदर तोंडात कोंबला. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "दीदी, ये वाला मत गाइए. ये औरतें आपस में गाती हैं, बंद कमरे में." त्या दिवसापासून तिचा नवरा मला बघितलं की मान खाली घालून जातो.

ही खोड जन्मजात आहे. गाणं एकदा ऐकलं की बसलं. दोनदा ऐकावं लागलं तर मी त्या गाण्यालाच नावं ठेवते. साबणाच्या जाहिराती, घंटागाडीवरचं स्वच्छतेचं गाणं, शेजारच्या कारखान्यातून ऐकू येणाऱ्या कव्वाल्या, सगळं आत जाऊन बसलेलं आहे आणि कोणीच जागा सोडत नाही. नुसतं बसून राहिलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून गाणं आधी बाहेर पडतं आणि मी मागून पोचते. निवडणुकीत निवडून आलेला उमेदवार आभार मानायला आमच्या दारात आला, तेव्हा मी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आले ती पडलेल्या उमेदवाराचं प्रचारगीत गुणगुणत, निशाणीसकट. नवरा खोकून खोकून लाल झाला. पुढे वर्षभर आमच्या गल्लीचं गटार कोणी साफ केलं नाही, त्याचं खापर तो अजून माझ्यावर फोडतो. "एवढी गाणी राहतात डोक्यात," तो म्हणतो, "आणि कोथिंबीर राहत नाही."

अशा बाईला धवलारणीच्या शेजारी बसवू नये, हे खरं तर कोणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

आमच्या आगरी घरांतलं लग्न भटजी लावतो, पण त्याआधी धवलारीण ते लावून मोकळी झालेली असते. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी. ती एक ओळ म्हणते, शेजारी बसलेली जोडीदारीण ती उचलते, आणि मागच्या बायका पुन्हा म्हणतात. आमची धवलारीण कोन गावची, सगळे तिला मावशीच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, आवाज अजून मांडवाबाहेर जाईल असा. लहानपणापासून तिच्या जोडीला बसायची माझी इच्छा होती आणि तिने कधी मला जवळ फिरकू दिलं नव्हतं. गेल्या वर्षी माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं आणि नेमकं तेव्हाच मावशीच्या जोडीदारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मला कोणी विचारलं नाही. मीच जाहीर करून टाकलं की मी बसते.

मावशीने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुला समदं येतं, ह्ये मला ठावं हाय," ती म्हणाली. "पन मी म्हनल त्येच म्हनायचं. पुढं पलायचं न्हाय."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

या लग्नात एक अडचण होती आणि ती सगळ्या घराला माहीत होती. नवरीचे वडील, म्हणजे माझे काका, आदल्या वर्षीच गेले होते. काकी विधवा, म्हणून ती हळदीला पुढे येणार नाही, हे कोणी न बोलता ठरून गेलं होतं. नवरी शिकलेली, नोकरी करणारी. तिने दोनदा विचारलं, "आई लावणार ना मला हळद?" पहिल्यांदा आत्या म्हणाली, बघू. दुसऱ्यांदा आत्यानेच उलट केटररकडे आइस्क्रीम सांगितलंय का, ते विचारलं. काकीच म्हणाली, "राहू दे गो. शुभकार्यात वाद नको." आणि मी, जिचं तोंड एरवी बंद नसतं, मीही तेव्हा गप्प बसले. याची लाज मला आजही वाटते.

हळदीच्या दिवशी डीजेवाल्याशी अर्धा तास हुज्जत घालून आम्ही धवल्यांसाठी अर्धा तास मिळवला. नवरी पाटावर बसली. मावशीच्या आणि माझ्यामध्ये एक माईक. काकी स्वयंपाकघराच्या दारात, हातात काहीतरी काम धरून उभी. मी अगदी शहाण्यासारखी गात होते. मावशीच्या तोंडाकडे बघायचं, ती म्हणेल ते उचलायचं, आवाज तिच्यापेक्षा चढू द्यायचा नाही. वीसेक बायका मागे म्हणत होत्या आणि मला इतकं सुख वाटत होतं की मी स्वतःवरच खूश झाले.

मग हळद लावायला बोलवायचा धवला आला. यात आधी देवांना हाक, मग बापाला, मग आईला, मग मामाला, असं एकेकाला पाटापाशी बोलवतात. मावशीने देव संपवले, श्वास घेतला आणि थेट मामावर गेली.

माझ्या डोक्यात ओळी रांगेने उभ्या असतात. मधल्या दोन गेल्या, हे मला पायरी चुकल्यासारखं जाणवलं, आणि विचार करायच्या आत मी माईकमध्ये बापाची ओळ म्हणून मोकळी झाले. नवरीच्या बापाला हाक, डोक्याला टोपी घालून मांडवात ये, लेकीला पहिली हळद लाव. सूर अगदी चोख लागला होता.

मागच्या बायकांना सवयच अशी की जे ऐकलं ते उचलायचं. अर्धी ओळ त्यांनी जोरात म्हटली, मग एकेक आवाज गळत गेला, आणि शेवटचा शब्द एकट्या एका बहिऱ्या आजीने पूर्ण केला. नवरीची मान खाली गेली. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

धवल्यातली हाक रिकामी परत जाऊ देत नाहीत आमच्यात. नाव घेतलं की कोणीतरी पाटापाशी यावंच लागतं. काकांचा मोठा भाऊ म्हणजे माझे वडील, ते खुर्चीतून अर्धे उठले. मावशीने त्यांना हातानेच बसवलं. आत्या पुढे वाकून दातओठ खात म्हणाली, "मावशे, फुडचा म्हन, फुडचा." त्यावर मावशी म्हणाली, "हाक गेली ना आता. ती काय मला परत घेता येते?" माईक चालूच होता, त्यामुळे हे अख्ख्या गल्लीने ऐकलं.

आणि मग ती गायला लागली. चाल तीच होती, पण शब्द मी कधीच ऐकलेले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला धवल्यातली पुढची ओळ माहीत नव्हती. जो पोरगा माझ्या मांडवातलं खोबरं चोरून पळायचा, तो आज लांबच्या कामाला गेलाय, असं ती काकांबद्दल म्हणाली. जाताना आपल्या वाटणीची हळद बायकोच्या मुठीत देऊन गेलाय. ती मूठ घेऊन तू दारात का उभी गो, पाटापाशी ये.

मी उचलायचं होतं, पण मी ऐकतच बसले. ओळ मागच्या बायकांनीच उचलली. आत्यानेही म्हटली, मी बघितलं. नवरीने मान वर करून दाराकडे हात लांब केला. काकी हातातलं काम टाकून आली आणि लहान मुलीचं तोंड धुवावं तशी तिने लेकीच्या गालांना हळद फासली. "आई, डोळ्यात गेली," नवरी म्हणाली, आणि दोघी हसल्या की रडल्या, ते मला नीट दिसलं नाही.

जेवणं झाल्यावर मी मावशीजवळ जाऊन बसले. मनातल्या मनात मी तोपर्यंत या सगळ्याचं थोडं श्रेय घ्यायला लागले होते. तिने ते ओळखलं असावं. "ती ओल मी गालली व्हती," ती म्हणाली, "इसरली न्हवती. आज निभावलं. पन तू काय इचार करून म्हनली न्हाईस, तवा शाबासकी मागू नको." मी तिच्या हातावर लाडू ठेवला. तो तिने घेतला, पण पुढच्या लग्नाला जोडीला बोलावलं नाही.

त्या धवल्याचं रेकॉर्डिंग नाही. व्हिडिओवाला नेमका तेव्हा जेवायला बसला होता. काकीने कोनला जाऊन मावशीला पुन्हा म्हणायची गळ घातली, तर ती म्हणाली, तवा आलं त्ये म्हनलं, आता कुठं आठवतं. म्हणून काकी मला फोन करते. लेक सासरी, घर रिकामं, दुपारची भांडी झालेली. आधी पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलते, मग म्हणते, "म्हन ना गो ते."

मी म्हणते. जो पोरगा माझ्या मांडवातलं खोबरं चोरून पळायचा, इथपर्यंत आले की काकी म्हणते, "थांब जरा."

मी थांबते. ओळीच्या मध्ये थांबणं मला फार जड जातं, पुढचे शब्द जिभेवर येऊन उभे असतात, तरी थांबते. पलीकडे काकी हसत असते. मग ती हसायची थांबते. आमच्या मागे लूमची खडखड चालू असते, ती तिलाही ऐकू जात असेल.

"हां," ती म्हणते. "आता जाऊ दे त्याला."