डॉक्टरची मालागातली खरेदी

डॉक्टर सगळं वितीनं मोजायचा. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या ज्या प्रयोगशाळेत तो पीएच.डी.साठी आला होता, तिथे मायक्रॉनशिवाय बात नसे. पण टेबल घ्यायचं असो की पडद्याचं कापड, हा पठ्ठ्या खिशातून हात काढायचा आणि अंगठा-करंगळी ताणून वीत टाकायचा. "माझी वीत साडेआठ इंच. कॅलिब्रेट केलेली आहे," असं वर तोऱ्यात सांगायचा.

'डॉक्टर' हे नाव आम्ही तिथल्या मराठी पोरांनीच ठेवलेलं, तो आला त्याच आठवड्यात, थट्टेनं. पुढे त्याचे प्रोफेसर निवृत्त झाले, स्टायपेंड थांबला, प्रबंध तिसऱ्या प्रकरणावर अडकला आणि डॉक्टर एका गोदामात पार्सलं लावायला जाऊ लागला. घरी सांगलीला मात्र दर रविवारी कॉलिंग कार्डावरून "आता शेवटचंच प्रकरण" हे चालू होतं. थट्टा संपली होती, पण तोवर त्याला हाक मारायला दुसरं नाव उरलं नव्हतं. सात वर्षांत तो एकदाही घरी गेला नाही. "डिग्री घेऊनच जाणार," म्हणायचा. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटे, नंतर नंतर मी विषय बदलू लागलो.

स्वस्त विमानं नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा मी त्याला दोन दिवसांसाठी ओढून स्पेनला, मालागाला नेलं. समुद्रात डुंबावं, मासे खावेत, एवढाच माझा बेत. डॉक्टर एकदाही पाण्यात उतरला नाही. दोन्ही दिवस तो जुन्या बाजाराच्या गल्ल्यांत घरच्यांसाठी खरेदी करत हिंडला आणि मी उन्हात चरफडत त्याच्या मागे. चिनी मातीचे बैल आणि मॅग्नेट त्यानं नजरेनंच बाद केले. "वस्तू घेण्याआधी तिची जागा ठरवायची. नाहीतर ती घरात पाहुण्यासारखी अवघडून बसते," हे त्याचं तत्त्वज्ञान. आईसाठी त्यानं हातानं रंगवलेला घडीचा पंखा निवडला, तोही दहादा उघडून मिटून. वडिलांसाठी चामड्याचं शिवलेलं चष्म्याचं घर घेतलं, कारण "अण्णांचा चष्मा कायम पेपरखाली सापडतो." दुकानात उभं राहून तो सांगलीच्या घरातून फिरत असायचा.

शेवटी आम्ही एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात गेलो. तो कापडी बुटांना दोरीचे तळ शिवत बसला होता. डॉक्टरनं बहिणीसाठी, रेवासाठी, लाल जोड काढायला सांगितला. म्हाताऱ्यानं खुणेनं नंबर विचारला. डॉक्टरनं काउंटरवर वीत टाकली. म्हाताऱ्यानं हसून कमरेएवढी उंची दाखवली, म्हणजे मुलगी लहान आहे ना? "जा, जा, गेनाऊ," डॉक्टर म्हणाला, म्हणजे हो, हो, बरोबर. स्पेनमध्येही तो जर्मनच बोलायचा.

"अरे, रेवा कॉलेजात आहे ना आता?" मी म्हणालो. "पाय वाढला असेल की."

"माझी बहीण आहे ती," डॉक्टर एकदम भडकला. "मी निघालो तेव्हा तिचा पाय बरोबर एक वीत होता. मला तू शिकवू नकोस."

त्याला आवाज चढवताना मी तेवढाच एकदा ऐकला.

दिवाळीत मी पुण्याला निघालो तेव्हा ती पिशवी घेऊन तो माझ्याकडे आला. "पुढे सांगलीला जाऊन ये. थीसिस जमा करायच्या गडबडीत आहे म्हणून सांग." मी गेलो आणि सांगितलंही, तोंड वर करून. आईंनी पंखा उघडून तिथल्या तिथे सगळ्यांना वारा घातला. रेवा माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच झाली होती. तिनं बूट हातात घेऊन पाहिले, आत गेली, चमचा घेऊन आली आणि त्याच्या दांड्यानं टाचा आत कोंबल्या. दारापर्यंत चालून परत आली. "दादाला सांगा, अगदी मापाचे आहेत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बुटांमुळे की आणखी कशामुळे, हे विचारायची सोय नव्हती.

अण्णा मला एसटी स्टँडवर सोडायला आले. वाटेत म्हणाले, "त्याचं ते काही होत नाही आता. मला कळलंय. आधी फोनवर कामाचं बोलायचा, आता नुसतं हवापाणी सांगतो. नुसता आला तरी आम्हाला पुरे आहे हो. पण मला कळलंय हे त्याला बोलू नका. मान खाली जाईल त्याची. आपणहून सांगू दे."

मी मान डोलावली. मला ते शहाणपणाचं वाटलं. गाढव होतो मी.

हॅनोव्हरला परतल्यावर डॉक्टरनं पहिला प्रश्न बुटांचाच विचारला. "बरोबर बसले," मी म्हणालो. "बघ! आणि तू मला शिकवत होतास!" म्हणून त्यानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चहा सांडला. इतका खूश मी त्याला त्या सात वर्षांत पाहिला नव्हता. त्या क्षणी अण्णांचं बोलणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं.

त्याच हिवाळ्यात त्याचं विद्यापीठातलं नाव कमी झालं, त्याबरोबर आरोग्यविमाही गेला. हे आम्हाला मागून कळलं. छातीत कफ भरला तरी तो दवाखान्यात गेला नाही, ताप अंगावर काढत गोदामात जात राहिला. एका सकाळी तिथेच कोसळला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. मी शेजारी होतो, पण त्याला शुद्ध नव्हती.

अण्णांना फोन मीच केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मला सगळं कळलंय, हे तुम्ही त्याला बोलला होता का?"

तेवढाच त्यांना दिलासा, म्हणून मी म्हणालो, "हो अण्णा. नुसता ये म्हणालेत, असंही सांगितलं होतं."

"मग आला का नाही हो तो?" अण्णा म्हणाले.