दहाही वेळा तेवढाच वेळ

पुण्याची नोकरी सोडून गावी, अंतरवालीला परत आले, तेव्हा माझे वडील, आबा, महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. पहिलं काम मिळालं ते जालन्यातल्या एका छोट्या बियाणे कंपनीचं. ट्रेमधल्या सोयाबीनचा फोटो टाकला की उगवलेले कोंब मोजून देणारं वेबपेज करायचं. घरी माझ्या लॅपटॉपवर ते दोन सेकंदांत मोजायचं. मी हवेतच होते.

कंपनीच्या कॉम्प्युटरवर मात्र पाऊण मिनिट झालं तरी आकडा येईना. तोवर तिथली प्रयोगशाळा सांभाळणारे काका चिमट्याने कोंब मोजून मोकळे झाले. "ताई, हातानं जल्दी व्हतंय की. असं असलं तर आपण न्हाई घेत हे."

माझा चेहरा पडला. हे काम गेलं तर आबा मला पुन्हा पुण्याला धाडणार, आणि मला तिथं बिलकुल जायचं नव्हतं.

चूक माझी की मशीनची, एवढं तरी कळावं म्हणून तिथंच बसून एक चाचणी लिहिली. एकच मोठं गणित लागोपाठ दहा वेळा करायचं आणि दर वेळी किती वेळ लागला ते बघायचं. एरवी ब्राउझर पुन्हा पुन्हा लागणारा कोड चालता चालताच मशीनच्या भाषेत उतरवून घेतो, त्यामुळे एक-दोन फेऱ्यांनंतर वेळ एकदम खाली येतो. माझ्या लॅपटॉपवर तो आलाच. इथे दहाही वेळा जवळपास तेवढाच! कॉम्प्युटर तर नवाकोरा. म्हणजे ही सोयच कुणीतरी बंद केली होती.

"काका, ब्राउझरच्या सेटिंगला हात लावला होता का?"

"फसवणुकीचा फोन आल्ता ना मागं. मंग सुरक्षा लिहिलेलं दिसंल ते समदं चालू करून ठिवलं."

सुरक्षा फार कडक केली की ब्राउझर नेमकी हीच सोय बंद करतो. त्यांच्यावर चिडावं की त्यांच्या पाया पडावं, कळेना. त्यांची सेटिंग तशीच ठेवून फक्त आमच्या पेजला सूट दिली. फोटो टाकला. तीन सेकंदांत आकडा आला, काकांच्या मोजणीशी बराबर जुळणारा. "आता घेऊ," ते म्हणाले.

बाहेर येऊन आबांना फोन लावला आणि मला रडूच फुटलं. जीव एकदम हलका झाला होता. रडणं ऐकून आबांना वाटलं, काम गेलं.

"राहू दे बाई," ते म्हणाले. "न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पुण्याला न्हाई धाडत मी तुला. जेवायला घरी ये."

जमलं, हे सांगायला मला आणखी थोडा वेळ लागला.