निम्म्या मेमरीची चाचणी

इमारतीचा स्वतःचा मेल सर्व्हर असावा ही खाज मुळात कुणाला सुटली होती, ते आता कुणी कबूल करत नाही. सांभाळायचे मात्र चाळणीकाका. निवृत्तीआधी ते औषधांच्या कारखान्यात तुटक्या गोळ्या वेचून काढायचे. घरी बसल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून लोकांच्या मेलमधला कचरा वेचू लागले. कचरा अडवणारा प्रोग्रॅम त्यांनीच बसवला. तीच ती चाळणी. पण यंत्रावर भरवसा ठेवतील तर ते काका कसले. अडकलेलं एकूण एक पत्र रोज सकाळी स्वतः वाचायचे आणि मगच फेकायचे. "माझ्या चाळणीत खरं पत्र आजवर अडकलेलं नाही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं, की ते लिफ्टमध्ये दिसले की लोक जिना धरायचे.

मग सेक्रेटरीबाईंनी खर्चाला कात्री लावली. सर्व्हर भाड्याचा, आणि भाडं मेमरीवर ठरायचं.

"काका, मेमरी निम्मी करून बघा आठवडाभर. तक्रार आली तर पुन्हा वाढवू, नाहीतर हेच कायम."

काकांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मेमरी कमी पडली की यंत्र सगळ्यात खादाड प्रोग्रॅमचा गळा आधी दाबतं, आणि सगळ्यात खादाड होती त्यांची चाळणी. पहिल्याच दिवशी ती आडवी झाली. त्यांनी उठवली, ती पुन्हा आडवी. कचरा घरोघरी शिरला. आता येतील बोंबलत, म्हणून काका दाराला कान लावून बसले.

कुणी फिरकलं नाही. शेवटी काका स्वतःच तक्रारी गोळा करायला निघाले.

"छे हो, झकास चाललंय," पहिल्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला. "एका कोट्यधीश विधवेचं पत्र आलंय. सगळी इस्टेट मला द्यायची म्हणते."

"अहो, ठग आहे ती."

"असेल, पण भोळी आहे बिचारी. मी तिला सविस्तर लिहिलं, बाई गं, अनोळखी माणसाला असे पैसे द्यायचे नसतात. जग फार वाईट आहे."

तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी तर हरखून गेली होती. "तो केसांच्या तेलाचा जाहिरातवाला रोज मेलवर ह्यांच्या टकलाची चौकशी करतो. पोटचा पोरगा करत नाही."

आठवड्याने सभा भरली. तक्रार एकही नाही, तेव्हा मेमरी निम्मीच राहील आणि चाळणी काढून टाकावी, असं सेक्रेटरीबाईंनी सांगून टाकलं. काका तडकले. "इतकी वर्षं मी तुम्हाला त्या घाणीपासून वाचवलं."

"आमची पत्रं आम्हाला न विचारता फेकलीत, आणि वर उपकार?" शिंपी म्हणाला.

काका उत्तर द्यायला उठले, तोच मागून तळमजल्यावरच्या नर्सताई बोलल्या. सत्तरी उलटलेल्या ह्या बाई सभेत कधी तोंड उघडत नसत. "काका, माझा भाऊ भांडून दूर निघून गेला, त्याला वर्षं झाली. मी माफी मागून त्याला मेल केली होती. उत्तर आलं नाही. ते तुमच्या चाळणीत तर गेलं नसेल?"

सगळे काकांकडे बघू लागले. भावाचं उत्तर आलंच नव्हतं, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. आलं असतं तर ते स्वतः जिने उतरून सांगायला गेले असते. एवढं म्हटलं की त्यांची अब्रू शाबूत होती. पण त्यांनी एकदा नर्सताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"गेलं असेल, ताई," ते म्हणाले. "चाळणीच ती. चुकते."

नर्सताईंनी डोळे पुसले. "म्हणजे त्याने लिहिलं होतं. मला वाटायचंच, तो इतका वाईट नाही." मग इतक्या वर्षांचा राग त्यांनी सगळ्यांदेखत काकांवर काढला. निष्काळजी म्हणाल्या, आगाऊ म्हणाल्या. "आजच लिहिते त्याला. तुझं पत्र आमच्याकडच्या एका महामूर्खाने फेकलं, म्हणून कळवते."

"लिहा," काका म्हणाले. "माझं नावही घाला."