नळाला लागलेली हळद

"पावडर टाकली म्हणता, मग हे काय आहे, आबा?"

"पानी."

"पिवळं आहे."

"तुमालाच पिवळं लागतं की. दर बारीला म्हनता, थेंब टाकून पिवळं झालं की पानी पास."

"थेंब टाकून. मी अजून बाटलीचं बूचसुद्धा काढलेलं नाही."

दत्तोबांनी काचेच्या नळीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "मंग पानी हुशार झालं म्हनायचं. मॅडम येनार म्हनून आदीच तयारी."

इंद्रायणीनं नळाच्या तोंडात बोट फिरवलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "हळद आहे ही."

"थोडी."

"टाकीत किती टाकलीत?"

"टाकीत कशाला? टाकीचं काय लगीन हाय? नळाला लावली फकस्त."

कुरवंड्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत दत्तोबा हे पाणीवाले. सकाळी व्हॉल्व्ह सोडायचा आणि टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची, एवढंच त्यांचं काम. त्यातलं पहिलं ते मनापासून करत. इंद्रायणी आरोग्य केंद्रातली निरीक्षक. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, औषधाचे दोन थेंब सोडायचे, रंग पिवळा झाला तर पावडर पोचली, नाही झाला तर भांडायचं. आज भांडणं भाग होतं, कारण उद्या भैरवनाथाच्या उत्सवाचं गावजेवण होतं. सहाशे पानं उठणार होती आणि सगळे ह्याच टाकीचं पाणी पिणार होते.

तळेगावच्या ह्या पोरीला पाण्याचं वेड लहानपणापासूनचं. लग्न ठरताना तुंगार्लीला मुलाचं घर बघायला गेले, तेव्हा बाकीचे गॅलरीतून तळं बघत होते आणि ही पदर खोचून गच्चीवर. खाली येऊन तिनं चहाच्या ट्रेसमोर विचारलं, "टाकी शेवटची कधी धुतली?" घरातल्या तीन पिढ्यांना आठवेना. पुढच्या रविवारी यशोधननं, म्हणजे त्या मुलानं, टाकी घासून आत उभं राहून काढलेला फोटो पाठवला. त्या फोटोवर तिनं होकार दिला. आजही घरात पाहुणे आले की यशोधन तो फोटो लपवतो आणि ती शोधून दाखवते.

"आबा, खरं सांगा. पावडर का टाकत नाही?"

"मला घरात ऱ्हायचंय, मॅडम."

घर टाकीच्या पायथ्याशी, आणि घराच्या ओट्यावर त्यांच्या बायकोचं, मुक्ताबाईंचं, चहा-भज्यांचं दुकान. डोंगर बघायला येणारा प्रत्येक माणूस तिथं थांबणारच.

"मागं एकदा टाकलती," दत्तोबा आवाज उतरवून म्हणाले. "एक गिऱ्हाईक म्हनलं, मावशी, चहा पोहायच्या तलावातला हाय का? मुक्ता आठ दिस बोलली न्हाई. नवव्या दिशी बोलली, ते आनि वाईट."

"किती टाकली होती?"

"पाटीत आली तेवढी."

"पन्नास हजार लिटरला पाव किलो पुरते, आबा."

"बाया भाजीत मीठ मापून टाकत्यात व्हय?"

एवढ्यात मुक्ताबाई पदराला हात पुसत ओट्यावरून उतरल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना सगळंच ऐकू येई.

"पावडरीचा एक कन जरी पडला ना, माझी जीभ सांगती. तीस वरसं चहा करते मी."

"मावशी, चहा उकळतो, त्याची मला काळजी नाही. पंगतीत पाणी कोण उकळून वाढणार? गेल्या वर्षी एका गावात लग्नाच्या जेवणानंतर बत्तीस जणांना कावीळ झाली. नवरदेवालाही. हळदीचे फोटो आणि दवाखान्यातले फोटो, रंग तोच."

"आमच्या पान्याला आजवर काय झालं न्हाई."

"मग परीक्षा घेऊ. तुमच्याच जिभेची."

इंद्रायणीनं एका कळशीत मापानं पावडरीचं पाणी मिसळलं आणि तासभर झाकून ठेवलं. तेवढ्या वेळात तिनं नळ घासला आणि दत्तोबांनी चार वेळा सुटका मागितली. मग दोन पातेल्यांत दोन चहा झाले. एकात टाकीचं पाणी, एकात कळशीचं. दोन सारखे कप. पावडरीच्या कपाच्या बुडाला इंद्रायणीनं आपल्या कपाळावरची टिकली चिकटवली. तोवर मुक्ताबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, आरशासमोर उभं राहावं तशा ऐटीत.

त्यांनी पहिला कप घेतला. घोट तोंडात फिरवला. दुसरा घेतला. डोळे मिटले. दत्तोबांनी नकळत हात जोडले.

"ह्यो," मुक्ताबाई पहिला कप पुढे सरकवून म्हणाल्या. "ह्याला वास मारतोय. शी. दुसरा कसा, झऱ्यावानी."

"नक्की?"

"लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

इंद्रायणीनं पहिला कप उलटा केला. बूड कोरं. दुसरा उचलला. बुडाला लाल टिकली.

मुक्ताबाईंनी टिकलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, जणू टिकली त्यांनीच लावली.

"दूध जास्त पडलं असंल त्यात," त्या म्हणाल्या.

"एकाच भांड्यातलं दूध, मावशी."

"साकर मंग."

"तेवढीच."

इंद्रायणीनं पिशवीतून पाव किलोचं माप काढलं आणि दत्तोबांसमोर धरलं. "आबा, बादलीत कालवा. पावडरीतला चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत. आत्ता टाकलं तर उद्याच्या पंगतीला वाससुद्धा उरणार नाही."

दत्तोबांनी माप घेतलं. पावडरीचा डबा उचलला. बादली हातात अडकवली. तीस वर्षांत बायकोला न विचारता त्यांनी घेतलेलं हे बहुधा पहिलंच काही.

"कुटं निगाला?" मुक्ताबाईंनी विचारलं. "अवो, मी काय म्हनते, उद्या सहाशे मानसांत एकानं जरी म्हनलं, पान्याला वास येतोय, तर मी कुनाचं नाव सांगू? तुमचं का हिचं?"

बादली वाजवत दत्तोबा टाकीच्या शिडीकडे निघून गेले.